चित्राचा सातबारा

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्तीज या लिलावघरात हुसेनचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर गेलं. आपल्या पैशात ११८ कोटींच्या घरात. आधुनिक भारतीय चित्राला त्या दिवसापर्यंत एवढा भाव कधी आला नव्हता. बातम्या झाल्या त्या आकड्याच्या. चित्राबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

चित्र १९५४ चं. जवळजवळ १४ फूट लांब, १३ चौकटींचं. बाया, पोरं, बैलगाडी, शेतकरी. हुसेनची रेषा दणकट, यात वाद नाही. पण मला त्या १३ चौकटींत गावकूस कुठं दिसलं नाही. यात्रा गावाची, आणि पाऊल वेशीबाहेर पडत नाही! बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत खेड्याची जी साल काढली, तिला तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती. नव्या भारताचं खेडं रंगवणाऱ्याला ती ऐकू आली नसेल काय? ११८ कोटी मोजणाराला तर हा प्रश्न पडायचं कारणच नाही.

आता भावाकडं येऊ. हे चित्र दिल्लीत एका परदेशी डॉक्टरनं घेतलं, नॉर्वेला नेलं आणि १९६४ मध्ये ऑस्लोच्या इस्पितळाला देऊन टाकलं. तिथं ते कित्येक दशकं भिंतीवर होतं. कापड तेच, रंग तेच. मग कोटी आले कुठून? आले ते कागदातून. कुणी घेतलं, कधी घेतलं, कुठं टांगलं, मधे हात बदलला का, याची सगळी नोंद शाबूत. शिवाय सत्तर वर्षं हुसेनवर लिहिलं गेलं, प्रदर्शनं झाली, संग्रहालयांनी घेतलं. जमिनीला सातबारा तसा चित्राला हा माग. ज्यांच्या बापजाद्यांच्या नावावर सातबाराच नव्हता त्यांना हे वेगळं समजावायला नको.

हा सातबारा आपोआप तयार होत नाही, माणसं तो लिहितात. मुंबईतली गोष्ट घ्या. हिटलरच्या काळात युरोप सोडून आलेले लायडेन, लँगहॅमर, श्लेझिंगर यांनी इथल्या पोरसवदा चित्रकारांना जवळ केलं. लायडेन पेपरात लिहायचा, श्लेझिंगर विकत घ्यायचा. मोटार चालवणाऱ्या बापाचा पोरगा, मुंबईत घरगडी म्हणून राबलेला आरा त्यांच्या नजरेला पडला म्हणून १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपात त्याचं नाव दिसतं. पुढं होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी चित्रं घेतली. एक लिहिणारा, एक घेणारा, एक भिंत. बाजार म्हंजे सुरुवातीला एवढंच असतंय. लिलावघर मागनं येतं, आणि हातोड्याच्या भावावर पाचवा-चौथा हिस्सा स्वतःची दलाली लावतं.

आमच्यात लिहिणारे आहेत. कवितेवर तर इतकं लिहिलंय की कवितेपेक्षा प्रस्तावना जाड. पण नागपूरच्या सवी सावरकरनं अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि देवदासीच्या देहावरचा धर्म रंगवला, त्याच्यावर मराठीत किती पानं निघतील? प्रभाकर कांबळेची ‘उतरंड’ २०२२ साली बर्लिनच्या द्वैवार्षिकीत उभी राहिली. मडक्यावर मडकं, जातीवर जात. बर्लिनला समजली. आपल्या किती घरांत त्याचा साधा फोटो आहे? दुसरे आपल्याला ओळखत नाहीत ही तक्रार खरीच, पण आपण तरी कुठं ओळखतोय? भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, दोन्ही छापील. ते राहू द्याच. शेजारी एक खिळा रिकामा आहे.

म्हणून म्हणतो, संग्रह करा. नोकरदार झालेल्यांना तर सरळ सांगतो. लिनोचा, लाकडावरचा ठसा किंवा कागदावरचं रेखाटन एखाद्या लग्नातल्या आहेराच्या पैशात अजून मिळतं. चित्रकाराकडनं थेट घ्या, दोन-तीन हप्त्यांत द्या, पण घासाघीस नको. घ्यायच्या आधी त्याची वीसेक कामं बघा, नुसतं एक बघून भुलू नका. पावती घ्या. तिच्यावर नाव, साल, माध्यम, माप, सही पाहिजे. ठसा असेल तर कितीपैकी कितवा, ते पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, ते तपासा. मागून फोटो काढून ठेवा. झाला सातबारा सुरू.

नफ्यासाठी घेणार असाल तर मात्र थांबा. बहुतेक चित्रकारांच्या कामाला दुसऱ्यांदा विकायचा बाजारच नसतो. २००५ नंतर समकालीन भारतीय चित्रांचे भाव असेच चढवले होते, फंडसुद्धा निघाले. २००८ च्या मंदीत गडगडले आणि लोकांचे पैसे अडकले. चित्र रोज बघायला आवडत असेल तरच घ्या.

चित्रकारांनाही एक सांगायचंय. कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलम ५३-अ घातलंय. मूळ चित्र १०,००० रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर त्या रकमेत चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसाचा वाटा, जास्तीत जास्त १० टक्के. कागदावर आहे, पदरात क्वचितच पडतं. विक्री न्यूयॉर्कला झाली की तर विषयच संपला, तिथं असा हक्क नाही. म्हणून पहिल्या पावतीवरच लिहून घ्या की पुढं विकलं तर कळवायचं आणि वाटा द्यायचा. देशातल्या विक्रीत तेवढा कागद तरी हातात राहील.

आणि घेणाऱ्यांनो, फ्रेमवाल्याला बजावा की कागद प्लायवर डिंकानं चिकटवू नकोस. बहुतेक तेच करतात. मागं साधा पुठ्ठा नको, आम्लाचा अंश नसलेला घाला. काच कागदाला टेकू देऊ नका. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवरनं चित्र उतरवा, नाही तर श्रावणापर्यंत बुरशी धरते.