मेंडेलीय यादृच्छिकीकरण : एक चिकित्सा

दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे त्यांत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही, ही साथरोगशास्त्राची जुनी अडचण होय. जॉर्ज डेव्ही स्मिथ व शाह इब्राहिम यांनी २००३ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी'तील लेखात तिच्यावर मेंडेलीय यादृच्छिकीकरणाचा मार्ग सविस्तर मांडला. जनुकीय भेद गर्भधारणेच्या वेळीच ठरतात. पुढील आहार, व्यसन वा आजार यांमुळे ते बदलत नाहीत. म्हणून त्यांना निसर्गाने केलेला प्रयोग मानावे, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

तिचे सामर्थ्य एचडीएल कोलेस्टेरॉलच्या उदाहरणात दिसते. हे 'चांगले' कोलेस्टेरॉल अधिक असणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो. परंतु ते वाढविणाऱ्या टॉरसेट्रापिब या औषधाची चाचणी २००६ मध्ये मृत्यू वाढल्याने थांबवावी लागली. पुढे २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मधील अभ्यासात, एचडीएल वाढविणारा जनुकीय भेद असणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी असणे अपेक्षित असता तो कमी आढळला नाही.

तथापि 'यादृच्छिकीकरण' ही संज्ञा वाजवीपेक्षा अधिक आश्वासन देते. जनुकांची यादृच्छिक वाटणी एकाच आईवडिलांच्या अपत्यांत होते; संपूर्ण समाजाविषयी तसे म्हणता येत नाही. शिवाय एकच जनुक अनेक गुणांवर परिणाम करू शकते. ते केवळ अभ्यासाधीन घटकामार्फतच रोगापर्यंत पोहोचते, हे गृहीतक आकडेवारीने पूर्णतः सिद्ध होत नाही. म्हणून भावंडांवरील अभ्यास, शरीरक्रियेचे ज्ञान व औषधचाचण्या यांच्याशी पडताळून पाहिल्याखेरीज या पद्धतीचा निष्कर्ष अंतिम मानणे योग्य ठरणार नाही.