काकु, नायक आणि खेळाडू

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम हा प्रकार आता वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवता येण्याजोगा राहिलेला नाही. त्यात कथानक असते, पात्रे असतात, संवाद असतो. आणि या तिहींहून लक्षणीय गोष्ट अशी की, संवादातील एका पात्राची वाक्ये निवडण्याचा अधिकार लेखकाने खेळाडूच्या हाती सोपविलेला असतो. पडद्यावर दोन, चार किंवा दहा वाक्ये उमटतात. त्यांपैकी जे निवडावे ते नायकाचे भाषण ठरते आणि कथा त्या वाटेने पुढे सरकते. या नायकाला ऐकू येणारा आवाज द्यावा की त्याला मुका ठेवावा, हा वाद या खेळांच्या रसिकांत बरीच वर्षे चालू आहे. नायक कोणाचा, लेखकाचा की खेळाडूचा, हा प्रश्न या वादाच्या बुडाशी आहे. आणि मराठी भाषेच्या अंगाने पाहू गेल्यास त्याला एक निराळेच वळण लागते.

वादाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बेथेस्डा या अमेरिकन संस्थेचा 'फॉलआउट ४' (२०१५). याच मालिकेतील 'फॉलआउट ३' (२००८) या खेळात नायक मुका होता आणि त्याची वाक्ये संपूर्ण लिहिलेल्या यादीच्या रूपाने समोर येत. चौथ्या खेळात नायकाला एका नटाचा व नायिकेला एका नटीचा आवाज मिळाला. दोघांनी प्रत्येकी १३,००० हून अधिक ओळी मुद्रित केल्याचे निर्मात्यांनी त्या वेळी जाहीर केले होते. परंतु त्याबरोबर संवादाची रचनाही आखडली. एका वेळी चारच पर्याय, आणि तेही दोन-तीन शब्दांच्या सूचनेपुरते: बहुधा एक होकाराचा, एक नकाराचा, एक प्रश्नाचा आणि एक उपरोधाचा. 'उपरोध' या शब्दावर बोट ठेवले, तरी नायक नेमके काय बोलणार हे तो बोलून चुकेपर्यंत खेळाडूस कळत नसे. संक्षिप्त सूचनांची ही चक्राकार मांडणी 'मास इफेक्ट' (२००७) या खेळाने आधीच रूढ केली होती. 'फॉलआउट ४' मध्ये तिचा काच अधिक जाणवला. पर्यायांमागील पूर्ण वाक्ये दाखविणारी दुरुस्ती हौशी खेळाडूंनीच तयार करून वापरात आणली. 'स्टारफील्ड' (२०२३) या पुढच्या मोठ्या भूमिकाप्रधान खेळात याच संस्थेने नायकाला पुन्हा मुके केले.

या आकुंचनाचे कारण म्हणून खर्चाकडे बोट दाखविले जाते, आणि ते खोटे नाही. लिहिलेले वाक्य बदलणे सोपे असते. मुद्रित वाक्य बदलावयाचे तर नटाला पुन्हा बोलवावे लागते. नायक व नायिका असे दोन आवाज असले की प्रत्येक ओळ दोनदा मुद्रित होते, आणि खेळ जितक्या भाषांत बोलका करावा तितक्या पटींनी हे काम वाढते. तथापि पर्याय कमी का झाले याचेच उत्तर या युक्तिवादातून मिळते. ते कमी झाल्याचा सल एवढा का राहिला, याचे मिळत नाही. 'द विचर ३' (२०१५) या पोलिश खेळातही नायक बोलका आहे व पर्याय मोजकेच आहेत. परंतु त्याविषयी असा असंतोष झाला नाही. तेव्हा पर्यायांच्या मोजदादीपलीकडे काही शोधणे प्राप्त होते.

भारतीय साहित्यशास्त्रात यासाठी एक नेमकी संज्ञा उपलब्ध आहे, ती म्हणजे 'काकु'. स्वराच्या चढउताराने वाक्याचा अर्थ पालटणे, हे काकुचे कार्य. रुद्रटाने काकुवक्रोक्तीला अलंकारांत स्थान दिले. राजशेखराने मात्र काकु हा पठनाचा धर्म आहे, तो अलंकार कसा होईल, अशी हरकत घेतली. हा जुना मतभेद प्रस्तुत प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. काकु पठनाचा धर्म असेल, तर ज्याच्या तोंडी पठन त्याच्याच ताब्यात अर्थाची अखेरची किल्ली राहते. 'ठीक आहे, जा' हे वाक्य मुक्या नायकाचे असेल, तर ते क्षमेचे, तिरस्काराचे की थकव्याचे, हे खेळाडू मनात ठरवितो. तेच वाक्य नटाने उच्चारले की या तीन शक्यतांपैकी दोन नाहीशा होतात. म्हणजे बोलक्या नायकाच्या खेळात पर्याय दोनदा कमी होतात: एकदा यादीत आणि एकदा उच्चारात. यातली पहिली घट डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही, पण सल तिचाच असतो.

'प्लेनस्केप: टॉर्मेंट' (१९९९) या खेळात या तत्त्वाचा उपयोग मोठ्या जाणतेपणाने केलेला आढळतो. तेथे काही प्रसंगी तेच विधान दोनदा यादीत येते. एकापुढे ते सत्य असल्याचे आणि दुसऱ्यापुढे ते असत्य असल्याचे नोंदलेले असते. ऐकणाऱ्या पात्राच्या कानी शब्द तेच पडतात. भेद फक्त बोलणाऱ्याच्या हेतूत असतो. हा भेद कोणताही नट आवाजाने दाखवू शकणार नाही. कारण चांगले खोटे खऱ्यासारखेच ऐकू आले पाहिजे. मौनाचे सामर्थ्य येथे कळसास पोहोचते.

यावरून आवाज म्हणजे हानीच, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे ठरेल. 'द विचर ३' चा नायक गेराल्ट हा आंद्रजेय सापकोव्हस्की यांच्या कथा-कादंबऱ्यांतून आलेला, आधीच घडलेला माणूस आहे. खेळाडू त्याची भूमिका घेतो, त्याला निर्माण करीत नाही. म्हणून त्याचा आवाज उपरा वाटत नाही. उलट 'डिस्को एलिझियम' (२०१९) चा नायक तितकाच ठरीव, मध्यमवयीन व भूतकाळाच्या ओझ्याखाली वाकलेला पोलीस अधिकारी आहे. तरीही त्याची निवडलेली वाक्ये मूकच राहिली. २०२१ च्या सुधारित आवृत्तीत भोवतालच्या साऱ्या पात्रांना, किंबहुना नायकाच्या मनातील चोवीस गुणप्रवृत्तींनाही, आवाज देण्यात आला. पण त्याच्या उत्तरांची काकु खेळाडूकडेच राहू दिली. 'बॉल्डर्स गेट ३' (२०२३) मध्येही इतर पात्रे बोलतात आणि खेळाडूने स्वतः घडविलेल्या नायकाची उत्तरे मूक असतात. या तिन्ही ठिकाणी लेखकांचा निर्णय स्पष्ट आहे. 'फॉलआउट ४' चा दोष या निर्णयाच्या अभावात आहे. त्याने नायकाला सैनिकाचा व नायिकेला वकिलीचा पूर्वेतिहास दिला, जोडीदार दिला, हरवलेले तान्हे मूल दिले, आवाजही दिला. आणि त्याच वेळी, हवे ते व्हा, असे खेळाडूस सांगितले. ही दोन आश्वासने एकत्र नांदणे कठीण.

आतापर्यंतचा विचार इंग्रजी संवादांना अनुलक्षून झाला. वर उल्लेखिलेल्यांपैकी एकही खेळ अधिकृतपणे मराठीत आलेला नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' (२०२०) हा खेळ महाराष्ट्रात घडला. पण तो साहसप्रधान आहे, त्यात उत्तरांची निवड नाही. उद्या मराठीत भूमिकाप्रधान खेळ लिहावयाचा झाल्यास लेखकापुढे पहिली अडचण उभी राहील ती व्याकरणाची. इंग्रजीतील मुका नायक सर्वांचा होऊ शकतो, कारण तेथे प्रथमपुरुषी क्रियापद लिंग सांगत नाही. मराठीत 'मी येतो' आणि 'मी येते' ही दोन वाक्ये आहेत. 'मी येईन', 'मी येत आहे', 'मला यावयाचे आहे', 'मी दार उघडले' अशा रचनांचा आश्रय घेऊन लिंग झाकता येते. पण संपूर्ण नायक या आडवळणांनी बोलू लागला, तर त्याची भाषा अवघडून जाईल. शिवाय समोरच्याला 'तू' म्हणावे, 'तुम्ही' म्हणावे की 'आपण', याची निवड टळत नाही. 'तुम्ही आलात' मध्ये लिंग लपते, पण नाते उघडे पडते. तात्पर्य, मराठी वाक्य मुद्रित होण्यापूर्वीच अर्धे बोललेले असते. मौनावर इंग्रजी खेळ जेवढा विसंबू शकतो, तेवढा मराठी खेळ विसंबू शकत नाही.

दुसरी अडचण बोलीची. आणि ती पनवेलसारख्या ठिकाणी विशेष प्रत्ययास येते. २०१६ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराच्या हद्दीत खारघर, कामोठे, कळंबोली येथील नव्या वसाहतींची प्रमाण मराठी, परप्रांतीयांच्या भाषा आणि मूळ गावांतील आगरी बोली एकमेकींना लागून नांदतात. आगरीत 'पाणी' चे 'पानी', 'काळा' चे 'काला', 'गाडी' चे 'गारी' होते. मराठी खेळाचा नायक प्रमाण उच्चारात बोलू लागला, की आगरी घरातील खेळाडूला तो आपल्या वतीने बोलणारा परका वाटणार. नायक मुका असेल, तर पडद्यावर 'पाणी' लिहिलेले असूनही ते मनात 'पानी' म्हणून उमटण्यास वाव राहतो. परंतु याची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. रंगभूमीवर व चित्रपटांत बोलीच्या वाट्याला पुष्कळदा दुय्यम किंवा हास्यास्पद पात्रच येते. ज्या बोलीतून नायक सहसा बोललेला नाही, तिच्यातून तो बोलला, तर तेथे आवाज हे बंधन न राहता प्रतिष्ठा होईल. मौनाने प्रत्येकाला आपापला उच्चार जपता येतो. पण तो दुसऱ्याच्या कानी पडत नाही. या दोन मूल्यांत निवड करणे, हे मराठी लेखकापुढील खरे कठीण काम आहे.

या कामी मराठी रंगभूमीचा इतिहास मार्गदर्शक ठरावा. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' सादर केले तेव्हा पद्ये सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्या अनुरोधाने आपापली भाषणे आयत्या वेळी रचीत. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) पासून लिखित 'बुकिश' नाटकाची वाट पडली आणि शब्द नटाकडून नाटककाराकडे गेले. पात्राला एकसंध व्यक्तित्व लाभले. नटाची मोकळीक गेली. कोकणातल्या दशावताराने ती राखली: आख्यान ठरलेले, शेवट ठरलेला, पण संहिता लिहिलेली नाही, रात्रीच्या रंगात कोण काय बोलेल ते नटाच्या प्रतिभेवर. भूमिकाप्रधान खेळाची स्थिती याच्या उलट आहे. तेथे शेवट खेळाडूच्या हाती असल्याचे सांगितले जाते आणि शब्द मात्र आधीच लिहिलेले असतात. अशा खेळात खेळाडूकडे नटाचे म्हणून जे उरते, ते काकुपुरते. नायकाला आवाज दिला की तेही काढून घेतले जाते.

म्हणून बोलक्या नायकाचा खेळ हा 'बुकिश' नाटकाच्या कुळातला मानून त्याच कसोटीने पारखावा: लेखकाने खरोखर एक माणूस उभा केला आहे काय? मुक्या नायकाचा खेळ आख्यानाच्या कुळातला मानून त्याची कसोटी वेगळी ठेवावी: यादीतील वाक्यांत हेतूंचे खरे अंतर आहे काय, की एकाच होकाराचे चार वेष आहेत? पर्याय चार की दहा, हा प्रश्न या दोन्ही कसोट्यांनंतरचा. मराठीत हा वाङ्मयप्रकार अजून घडावयाचा आहे. तो घडविणाऱ्यांनी आवाजाचा निर्णय ध्वनिमुद्रणाच्या अंदाजपत्रकावर न सोडता लेखनाच्या पहिल्या दिवशीच घ्यावा. कारण मराठीत नायकाचे पहिले क्रियापद लिहिताच तो निर्णय निम्मा झालेला असतो.