कंसातले शंभर

रेकॉर्ड प्लेअरची सुई जिच्यात बसते, त्या डेनॉनच्या डीएल-103 या कार्ट्रिजची माहिती एका लहानशा कागदावर मावते. वजन 8.5 ग्रॅम. सुईचा दाब 2.5 ग्रॅम, तीन दशांश इकडेतिकडे. आउटपुट 0.3 मिलिव्होल्ट. सुईचं टोक गोल, त्रिज्या 16.5 मायक्रॉन. कंप्लायन्स 5, आणि त्यापुढे कंसात: 100 हर्ट्झ. एकही विशेषण नाही. मी पहिली दोन वर्षं तो कागद घडी न मोडता ठेवून दिला होता, आणि त्या दोन वर्षांत या कार्ट्रिजला पुष्कळ नावं ठेवली.

आता वाचतो तेव्हा अडीच ग्रॅमपाशी थांबतो. ही कार्ट्रिज 1960च्या दशकात एनएचके या जपानी नभोवाणीसाठी, तिच्याच सोबतीने घडली. स्टुडिओत सुई दिवसभर उचलायची, टेकवायची. तिथे नाजूकपणा कामाचा नाही. म्हणून सुई धरणारी तिची कांडी ताठ, आणि ताठ म्हणून दाब जास्त. पुढच्या दशकात सगळा ओढा उलटीकडे गेला. शुअरच्या व्ही-15 मालिकेसारख्या मऊ कार्ट्रिज ग्रॅम-सव्वा ग्रॅमवर चालू लागल्या, आणि त्यांना धरायला शोभतील असे हलके आर्म निघाले. इंग्लंडच्या एसएमईच्या 3009 सीरिज थ्री या आर्मचं इफेक्टिव्ह मास तर जेमतेम 5 ग्रॅम.

इफेक्टिव्ह मास म्हणजे आर्म काट्यावर ठेवून येणारं वजन नव्हे. सुईला तो हलवताना जेवढा जड लागतो, तेवढा. टेकूपासून लांबचा प्रत्येक ग्रॅम अंतराच्या वर्गाने महाग पडतो. म्हणून टेकूजवळचं, मागचं शंभर ग्रॅमचं वजन सुईला फारसं जाणवत नाही, पण पुढच्या, कार्ट्रिज बसते त्या हेडशेलवरचा एक स्क्रू जाणवतो. कंप्लायन्स म्हणजे कांडी किती सहज लवते ते. एक वस्तुमान, एक स्प्रिंग: झालाच झोपाळा. आणि प्रत्येक झोपाळ्याला त्याची अशी एक लय असते. ती काढायची रीत सोपी आहे: आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज, तिला कंप्लायन्सने गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि 159 ला त्याने भागायचं. उत्तर 8 ते 12 हर्ट्झमध्ये यावं. खाली गेलं तर वाकलेल्या तबकडीची लाट आणि घरातल्या पावलांचे धक्के झोपाळ्याला झोके देतात. वर गेलं तर तो संगीताच्या हद्दीत, वीस हर्ट्झकडे, सरकू लागतो.

माझा आर्म 6 ग्रॅमचा, जुना, सुंदर आणि या कार्ट्रिजसाठी अगदी चुकीचा. कागदावरचा 5 धरून हिशेब केला: 6 अधिक 8.5 अधिक स्क्रूंचा अर्धा, म्हणजे 15. उत्तर अठराच्या वर. एवढं वाईट तर ऐकू येत नव्हतं! कोडं सुटलं ते कंसात. युरोप-अमेरिकेत कंप्लायन्स साधारणपणे 10 हर्ट्झवर सांगतात, जपानी कंपन्या बऱ्याचदा 100 वर. कांडीचं रबर सावकाश हालचालीला जास्त लवतं. म्हणून 100 हर्ट्झच्या आकड्याची दीडपट ते दुप्पट धरायची, असा ढोबळ ठोकताळा आहे. दुप्पट धरली तर 10, आणि उत्तर 13. तरीही हद्दीबाहेर, पण हे उत्तर माझ्या कानांशी जुळणारं होतं.

कानांना काय खटकत होतं? किशोरी आमोणकरांच्या बागेश्री आणि भूपाच्या एलपीत डग्गा पोकळ वाजायचा. ताठ कांडी हलक्या आर्मलाच बरोबर घेऊन हलत असावी. लांब षड्ज मधूनच किंचित हलायचा. भूपातला षड्ज हलणं म्हणजे घराचा उंबरठा हलणं. मी रेकॉर्डिंगला दोष दिला, मग कार्ट्रिजला. (आर्मला कधीच नाही. तो दिसायला फार देखणा आहे.)

उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा निघाला. हेडशेल आणि कार्ट्रिज यांच्यामध्ये 6 ग्रॅमची पितळी पट्टी. बेरीज 21, उत्तर 11. डग्ग्याला अंग आलं. तबकडीची लाट अजून डोळ्यांना दिसते, आर्म तिच्यावर चढतो-उतरतो, पण षड्ज जागच्या जागी असतो. गोल टोकामुळे तबकडीच्या शेवटच्या इंचात थोडी धूळभरली चरचर राहतेच. ती या कार्ट्रिजची स्वतःची उणीव आहे, आणि कोणताही आर्म ती झाकत नाही.

पट्टी जवळजवळ तीन मिलिमीटर जाड होती. आर्मचा बुंधा तेवढाच वर घ्यावा लागला, मागचं वजन थोडं मागे सरकवावं लागलं. मग सुई काट्यावर टेकवून दाब पुन्हा मोजला: 2.5 ग्रॅम.