सैल कातडी, परदेशी शस्त्रक्रिया आणि 'आधी–नंतर'चे कथन : एक चिकित्सा

वजन घटविण्याच्या कथनांना एक ठरलेला घाट असतो. डावीकडे 'आधी'चे छायाचित्र, उजवीकडे 'नंतर'चे आणि दोहोंच्या मध्ये एक पांढरी रेघ. आहार, व्यायाम, जठराची शस्त्रक्रिया किंवा अलीकडच्या काळात सेमाग्लुटाइडसारखी औषधे, असे जे काही घडले ते सारे या रेघेत सामावलेले असते. 'नंतर'ची व्यक्ती बहुधा अंगभर नेटके कपडे घालून उभी असते. साठ-सत्तर किलो वजन उतरलेल्या देहावर त्या कपड्यांच्या आत काय उरले आहे, याविषयी हे कथनरूप मौन पाळते. पोट, मांड्या, दंड आणि छाती यांवरून लोंबणारी कातडी हा त्या मौनाचा विषय होय. ही कातडी काढून घेण्यासाठी अमेरिकेतून मेक्सिको व डॉमिनिकन प्रजासत्ताकाकडे, ब्रिटनमधून तुर्कस्तान व पोलंडकडे, ऑस्ट्रेलियातून थायलंडकडे जो प्रवास चालतो, त्याची संभावना सामान्यतः 'स्वस्ताईचा शोध' अशी केली जाते. स्वस्ताई हे या प्रवासाचे दुय्यम कारण आहे. 'पुनर्रचना' आणि 'सौंदर्य' या दोन शब्दांमध्ये ओढली गेलेली सीमा हे त्याचे मूळ कारण असून ती सीमा वैद्यकीय कमी आणि नैतिक अधिक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या विषयाशी निगडित काही पुस्तकांचा विचार येथे त्या दृष्टीने केला आहे.

दोन शब्दांमधील सीमा

दीर्घकाळ ताणलेल्या त्वचेतील कोलॅजन व इलॅस्टिन या तंतूंची हानी झालेली असते. आतील मेद नाहीसा झाला तरी अशी त्वचा आक्रसून पूर्ववत होत नाही. व्यायामाने स्नायू वाढतात. कातडी घटत नाही. घड्यांमध्ये घाम साचतो, बुरशीचा संसर्ग होतो, चट्टे उठतात, कातडी सोलवटते. चालताना मांड्या घासतात. कपडे मापाचे मिळत नाहीत. थोडक्यात, ही केवळ आरशासमोरची अडचण नव्हे.

तथापि अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या भाषेत हीच कातडी दोन नावांनी वावरते. पोटाखाली लोंबणारा कातडीचा पदर फक्त कापून काढला तर ती 'पॅनिक्युलेक्टॉमी'. त्यासोबत स्नायू घट्ट करून पोटाला आकार दिला तर ती 'अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी'. पहिलीचा खर्च मिळण्याची शक्यता असते, दुसरी सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणून नाकारली जाते. पहिलीसाठीही पदर जघनास्थीच्या खाली उतरला असल्याचे छायाचित्र आणि चट्टे औषधोपचारांना दाद देत नसल्याची काही महिन्यांची नोंद सामान्यतः मागितली जाते. दंड आणि मांड्या यांची वासलात तर त्याहून लवकर लागते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतही ही शस्त्रक्रिया सरसकट उपलब्ध नाही. अपवादात्मक प्रकरण म्हणून अर्ज करावा लागतो. ज्या व्यवस्थेने वजन उतरविण्यासाठी जठर कापण्याचा खर्च उचलला, तीच व्यवस्था त्या शस्त्रक्रियेच्या थेट परिणामाला 'सौंदर्य' म्हणते, ही विसंगती नजरेआड करता येणार नाही.

भारतातील स्थिती निराळी नाही. विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील वगळणुकींची भाषा प्रमाणित केली. तीत देहवस्तुमान निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून सोबत गंभीर आजार असल्यास, स्थूलतेवरील शस्त्रक्रियेला वाव ठेवला आहे. सौंदर्य वा सुघटन शस्त्रक्रिया मात्र वगळलेली असून अपघात, भाजणे आणि कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, तसेच आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करणारे उपचार एवढेच त्यास अपवाद आहेत. अपघात, भाजणे, कर्करोग ही यादी लक्षपूर्वक वाचावी. या तिन्हींत रुग्ण निर्दोष मानलेला आहे. स्थूल मनुष्य या यादीत बसत नाही, कारण त्याचे शरीर त्याने स्वतःच तसे करून घेतले, असा समज या भाषेच्या मुळाशी आहे.

सँडर गिलमन यांनी सौंदर्यशस्त्रक्रियेचा जो सांस्कृतिक इतिहास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातून या समजाची वंशावळ शोधता येते. सोळाव्या शतकात बोलोन्याच्या तालियाकोत्सीने दंडाच्या कातडीपासून नाक घडविण्याची पद्धती सिद्ध केली आणि १५९७ मध्ये ग्रंथबद्ध केली. त्या काळात नाक उपदंशानेही झडत असे. झडलेले नाक हा पापाचा पुरावा, आणि तो पुरावा पुसणारा वैद्य संशयास्पद. उलट लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ मध्ये पुण्यातील जी शस्त्रक्रिया वर्णिली, तिच्यातील कावसजी हा इंग्रजी सैन्यातील बैलहाक्या होता आणि त्याचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. कपाळाच्या कातडीपासून त्याला नवे नाक मिळाले. त्या वृत्तान्तावरून पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी ही पद्धत अवलंबिली. हे नाक शत्रूने कापले होते, म्हणून ते परत मिळणे ही पुनर्रचना ठरली. कातडीची उचल आणि टाके दोन्हीकडे सारखेच. फरक पडला तो दोष कोणाचा या प्रश्नाने.

मराठी भाषेने या प्रश्नावर नकळत भाष्य करून ठेवले आहे. 'त्वचा' हा शब्द साबणाच्या आणि मलमाच्या जाहिरातींत शोभतो. ती उजळते, मुलायम होते. 'कातडी' मात्र वाचवायची असते, ती गेंड्याची असते, तिचे जोडे करून एखाद्याच्या पायात घालण्याची भाषा कृतज्ञतेपोटी होते. एकीत रूप आहे, दुसरीत जगणे. प्लॅस्टिक सर्जरीसाठी रूढ झालेल्या 'सुघटन' या संज्ञेतील 'सु' हा उपसर्गही निरागस नाही. केवळ घडविणे त्यास पुरत नाही, चांगले घडविणे हवे. विम्याच्या कागदावर रुग्ण कातडीविषयी बोलत असतो आणि कंपनी त्वचेविषयी उत्तर देत असते.

कथनाचा शेवट कोठे होतो

'आधी–नंतर'च्या घाटाला साहित्याने छेद दिला आहे काय? लायनेल श्रायव्हर यांची 'बिग ब्रदर' (२०१३) ही कादंबरी या संदर्भात महत्त्वाची आहे. अतिस्थूल झालेल्या भावासाठी बहीण संसार बाजूला ठेवते, त्याच्यासोबत वर्षभर राहते, द्रवाहारावर त्याचे वजन उतरविते. आणि अखेरीस वाचकाला कळते की हे सारे तिने कल्पिलेले होते, प्रत्यक्षात तिने भावाला परत पाठविले आणि तो मरण पावला. 'नंतर' ही येथे अपराधी मनाची निर्मिती आहे. या शेवटावर कृत्रिमतेचा आक्षेप घेता येईल. परंतु 'नंतर'ची गरज स्थूल माणसापेक्षा त्याच्याकडे पाहणाऱ्यांना अधिक असते, हे तो शेवट जितक्या निर्दयपणे दाखवितो तितके क्वचितच कोणी दाखविले असेल. मर्यादा अशी की, कादंबरीतील देह सर्वकाळ बहिणीच्या नजरेतूनच दिसतो. त्या देहाला स्वतःचे म्हणणे नाही.

ते म्हणणे रोक्सान गे यांच्या 'हंगर' (२०१७) या आत्मकथनात आहे. बाराव्या वर्षी झालेल्या सामूहिक अत्याचारानंतर देह हीच तटबंदी करण्यासाठी खात राहिलेल्या मुलीची ही कथा आहे. आपल्या पुस्तकात विजय नाही, जुन्या ढगळ विजारीच्या एका पायात उभी असलेली सडपातळ लेखिका मुखपृष्ठावर दिसणार नाही, हे त्या आरंभीच सांगून टाकतात. 'आधी–नंतर' या रूपाला दिलेला इतका स्पष्ट नकार दुसरीकडे सहसा आढळत नाही. पुढे २०१८ च्या जानेवारीत गे यांनी जठराची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी तिच्याविषयी एक निबंध लिहिला. काहींना यात विसंगती वाटली. वस्तुतः त्या निबंधातही विजयगाथेचा सूर नाही, आणि नकार देणाऱ्या लेखिकेलाही जगाच्या नजरेपुढे देह वाहावाच लागतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

दूरचित्रवाणीला असा नकार परवडत नाही. अमेरिकेत २००४ पासून प्रसारित झालेल्या 'द बिगेस्ट लूझर' या स्पर्धेचा शेवट वजनकाट्यावर होत असे. तिच्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी अभ्यास केला असता, सरासरी ५८ किलो उतरलेल्या वजनापैकी ४१ किलो परत आल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कातडीच्या संदर्भात याला विशेष अर्थ आहे. शस्त्रक्रियेपूर्वी वजन स्थिर असावे, जठराच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने जाऊ द्यावेत, असा शल्यविशारदांचा आग्रह असतो. कथनाला मात्र थांबायला सवड नसते. मेरेडिथ जोन्स यांनी 'स्किनटाइट' (२००८) या पुस्तकात 'मेकओव्हर संस्कृती'चे विवेचन करताना म्हटले आहे की, तीत पूर्णत्वाला पोहोचण्यापेक्षा सतत 'होत राहणे' मोलाचे असते. हे निरीक्षण चेहऱ्याच्या बाबतीत पटते. लोंबत्या कातडीचा माणूस मात्र नव्याने काही 'होऊ' पाहत नसतो; हाती घेतलेले काम पुरे करून त्यातून सुटू पाहत असतो. जोन्स यांची चौकट येथे अपुरी पडते.

प्रवासाचा हिशेब

याच मेरेडिथ जोन्स यांनी रूथ हॉलिडे व डेव्हिड बेल यांच्यासह लिहिलेले 'ब्यूटीस्केप्स' (२०१९) हे पुस्तक अशा प्रवासाचा आजवरचा सर्वांत गंभीर अभ्यास म्हणावे लागेल. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधून शस्त्रक्रियेसाठी परदेशी जाणाऱ्यांचा मागोवा त्यात घेतला आहे. हे प्रवासी श्रीमंत, रिकामटेकडे, रूपवेडे नसतात. बहुतांशी बेताच्या मिळकतीचे नोकरदार असतात, हे लेखकत्रयीने ठामपणे दाखवून दिले. दलाल, दुभाषे, परिचारिका, सोबतीला आलेली बहीण वा मैत्रीण या साऱ्यांचे श्रम त्यांनी दृश्यमान केले. रुग्णांची टिंगल करणाऱ्या वृत्तपत्री लेखनाच्या तुलनेत ही मोठीच प्रगती होय.

परंतु प्रवाह, जाळे, जुळणी अशा संकल्पनांच्या साहाय्याने जे वर्णन होते त्यात जबाबदारीचा प्रश्न विरघळून जाण्याचा धोका असतो. जाळ्यात सर्वजण जोडलेले असतात. जखम उसवली तर टाके कोणी घालायचे, हे जाळे सांगत नाही. कंबरेभोवती संपूर्ण वेढा घालणारी जखम, द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, आठवडेच्या आठवडे घालावयाचे घट्ट कपडे आणि जठराच्या शस्त्रक्रियेमुळे प्रथिने व लोह यांची आधीच असलेली कमतरता, असे या शस्त्रक्रियेचे स्वरूप आहे. जखमेखाली पाणी साचणे, कड सडणे, टाके उघडणे हे प्रकार यात विरळ नाहीत आणि त्यांपैकी बरेचसे रुग्ण घरी परतल्यावर उद्भवतात. शल्यविशारद तोवर एका समुद्राच्या पलीकडे असतो.

किमतीच्या रचनेतच आणखी एक धोका दडलेला आहे. विमानभाडे, सुट्टी आणि सोबत एकदाच परवडत असल्याने पोट, दंड, मांड्या यांची कामे एकाच बैठकीत उरकण्याकडे कल राहतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २००९ ते २०२२ या काळात डॉमिनिकन प्रजासत्ताकात सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर ९३ अमेरिकी नागरिक मरण पावले. हे सर्व कातडीच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण नव्हते. परंतु तपासल्या गेलेल्या मृत्यूंत मेदाच्या वा रक्ताच्या गुठळीने रक्तवाहिनी अवरुद्ध होणे हे प्रमुख कारण आढळले, आणि स्थूलता व एकाच वेळी केलेल्या अनेक शस्त्रक्रिया हे धोके त्या रुग्णांत मोठ्या प्रमाणावर होते. मेक्सिकोतील मातामोरोस येथे २०२३ मध्ये मणक्यात भूल घेऊन शस्त्रक्रिया केलेल्या अमेरिकी रुग्णांना बुरशीजन्य मेंदुज्वर झाला, तेव्हा आजार ओळखण्याचे आणि निस्तरण्याचे काम सीमेच्या अलीकडील रुग्णालयांवर आले. म्हणजे 'सौंदर्य' म्हणून नाकारलेला खर्च 'गुंतागुंत' या नावाने परत येतो, आणि या वेळी तो नाकारता येत नाही.

याचा अर्थ परदेशातील प्रत्येक शल्यगृह गैरव्यवहारी आहे असा नव्हे. बँकॉक किंवा इस्तंबूल येथील नामांकित रुग्णालयांची यंत्रसामग्री अनेक पाश्चात्त्य रुग्णालयांच्या तोडीची आहे, आणि 'तिकडे धोका, इकडे सुरक्षितता' ही मांडणी मायदेशीच्या महागड्या खाजगी शल्यविशारदांच्या सोयीचीही असते. हा हितसंबंध 'ब्यूटीस्केप्स'चे लेखक अचूक ओळखतात. धोक्याचा भूगोल देशांच्या नकाशावर शोधण्यापेक्षा शस्त्रक्रिया आणि शुश्रूषा यांच्यात पडलेल्या अंतरात शोधला पाहिजे, एवढाच येथील आक्षेप आहे.

भारत या व्यवहारात बघ्याच्या भूमिकेत नाही. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रुग्णांना शुल्क घेऊन सेवा देण्यास प्रोत्साहन दिले आणि त्यातून मिळणारे परकीय चलन 'मानीव निर्यात' गणले जावे असे सुचविले. २०१७ मध्ये इजिप्तमधून सुमारे ५०० किलो वजनाची एक स्त्री मुंबईत उपचारांसाठी आणली गेली, तेव्हा उतरलेल्या किलोंचे आकडे दररोज वृत्तपत्रांत छापले जात होते. पुढे नातेवाइकांनी त्या आकड्यांवर आक्षेप घेतला, तिला अबुधाबीस हलविण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचा मृत्यू झाला. तिच्या कथेला 'आधी' होते. 'नंतर'चे छायाचित्र कधी निघाले नाही. मुंबई-पुण्याची खाजगी रुग्णालये आज कातडीची हीच शस्त्रक्रिया परदेशी रुग्णांना ठरावीक रकमेत, मुक्कामासह देऊ करतात. त्याच रुग्णालयात विम्याच्या आधारे जठराची शस्त्रक्रिया झालेला स्थानिक शिक्षक किंवा बँकेतील कारकून दीड वर्षाने पोटावरील चट्ट्यांसाठी त्याच विमा कंपनीकडे अर्ज करतो, तेव्हा त्याला वगळणुकीचे कलम दाखविले जाते.