आडनाव नसलेला भाडेकरू

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ साली आली. २०१३ साली जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत नेली. २०२२ साली लेखकानेच दिग्दर्शित केलेला तिच्यावरचा चित्रपट आला. भिवंडीतल्या माझ्या एका विद्यार्थ्याने ती वाचली आणि विचारले, "सर, यातल्या भाडेकरूचं आडनाव काय?" आडनाव नाही. नावसुद्धा नाही. मला या कादंबरीबद्दल जे म्हणायचे आहे ते या प्रश्नातच आहे.

पुण्यातले एक पांढरपेशे घर. घरातली एक खोली भाड्याने दिली जाते. तिथे आलेल्या तरुणावर मुलगा तनय जीव लावतो. बहीण अनुजाही लावते आणि त्याच्याबरोबर निघून जाते. पुढे तो तिलाही सोडून जातो. आधी भावाचे निवेदन, मग बहिणीचे. एकाच माणसाने दोघांना रिते केले. पण दोन दुःखे शेजारी राहतात, मधली भिंत पडत नाही.

या लेखनाचे सामर्थ्य मी नाकारत नाही. २००६ साली समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने ते कलंकमुक्त केले २०१८ साली. अशा काळात तनयची वेदना इथे कुणाची माफी न मागता आली आहे. बहिष्कार म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी या धैर्याची हेटाळणी करू नये.

मग खटकते काय? या कादंबरीत भूत नाही, चेटूक नाही. तरीही मला ती अद्भुतरम्य वाटते. परका तरुण घरात राहायला येतो आणि त्याची जात कथानकाला कुठेच आडवी येत नाही! बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला नायकही परगावी आसरा शोधतो. जात लपवतो, ती उघडी पडते, आणि तो मार खातो. बागुलांचा हा कथासंग्रह १९६३ सालचा. प्राध्यापक झाल्यावर मी खोली शोधत फिरलो, तेव्हा घरमालकांचा पहिला प्रश्न पगाराचा नव्हता, आडनावाचा होता. निनावी असणे ही चैन आहे. ती कुणाला परवडते, हे ही कादंबरी विचारत नाही.

भावंडांच्या अबोल्याचेही तेच. माझा थोरला भाऊ पॉवरलूमवर बारा तासांची रात्रपाळी करायचा. सकाळी मी उठलो की त्याच अंथरुणावर तो पडायचा. त्याच्या मजुरीवर मी एम.ए. झालो. आज आम्ही फारसे बोलत नाही. त्याला वाटते, मी दूर गेलो. मला वाटते, देणे फिटले नाही. तनय आणि अनुजा यांच्यामध्ये एक प्रियकर उभा आहे. आमच्यामध्ये मजुरी उभी आहे. तरीही तो अबोला वाचताना मला दादा आठवला, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

प्रेम हा आपला विषय नाही, असे काही कार्यकर्ते म्हणतात. ते चूक आहे. जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवले आहे. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो : ही कादंबरी वाचा. मग तिच्यातल्या भाडेकरूला आडनाव द्या, आपल्यातले एखादे, आणि पुढची गोष्ट तुम्ही लिहा. ते दार त्याच्यासाठी उघडते का, ते पाहू.