कोल, नॅट किंग

कोल, नॅट किंग : (१७ मार्च १९१९–१५ फेब्रुवारी १९६५). अमेरिकन जॅझ पियानोवादक व लोकप्रिय गायक. मूळ नाव नॅथॅनिएल ॲडम्स कोल्स. ॲलाबॅमा राज्यातील माँटगोमेरी येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्म. वडील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. तिच्याकडूनच त्याला संगीताचे पहिले धडे मिळाले. बालपण शिकागोत गेले. तेथील पियानोवादक अर्ल हाइन्झ याच्या शैलीचा त्याच्यावर खोल ठसा उमटला.

१९३७ मध्ये लॉस अँजेल्स येथे त्याने गिटारवादक ऑस्कर मूर व बासवादक वेस्ली प्रिन्स यांच्यासह त्रिकूट स्थापन केले. त्यात तालवाद्य नव्हते. लय सांभाळण्याचे काम तिघे वादक आपापसांत वाटून घेत. त्यामुळे वादनात एक मोकळेपणा आला आणि मोजक्या स्वरांतून पुष्कळ काही सुचविण्याची कोलची हातोटी उठून दिसू लागली. ऑस्कर पीटर्सनसारख्या पुढील पियानोवादकांवर या त्रिकुटाचा प्रभाव आहे.

१९४३ मध्ये त्याने कॅपिटॉल या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केला. ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ (१९४४) हे त्याचे पहिले गाजलेले गीत वडील प्रवचनात सांगत असलेल्या गिधाड व माकड यांच्या लोककथेवर आधारलेले होते. ‘द ख्रिसमस साँग’च्या १९४६ च्या मुद्रणात त्रिकुटाला तंतुवाद्यांची जोड मिळाली आणि पियानोवादक हळूहळू मागे सरू लागला. ‘नेचर बॉय’ (१९४८) हे गीत आठ आठवडे लोकप्रियतेत अग्रस्थानी होते. ‘मोना लिसा’ (१९५०) व ‘टू यंग’ (१९५१) यांनीही तेच स्थान मिळविले. कोलच्या ध्वनिमुद्रिकांच्या खपामुळे हॉलिवुडमधील कॅपिटॉलच्या गोलाकार इमारतीला लोक ‘नॅटने बांधलेले घर’ म्हणू लागले.

लोकप्रियतेसाठी त्याने जॅझचा त्याग केला, असा आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतला आहे. तो अर्धाच खरा आहे. कोलच्या आवाजाचा पल्ला मोठा नव्हता. तो किंचित घोगरा, संभाषणाच्या पट्टीतला आवाज होता. मात्र शब्द तालाच्या किंचित मागे ठेवून नेमक्या जागी तो सम साधणे, स्वर न ताणता सोडून देणे व प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारणे, हे गुण पियानोवादनातूनच त्याच्या गायनात उतरले. ‘अनफर्गेटेबल’ (१९५१) या गीतात नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदरचनेचा दाट पडदा असूनही हा संयम ढळत नाही. ‘आफ्टर मिडनाइट’ (१९५७) या संग्रहात तो पुन्हा पियानोवर बसून गातो. तेथे हात व कंठ यांचे नाते कोणालाही ऐकू यावे. उलट ‘रॅम्ब्लिन रोझ’ (१९६२) अमाप खपले, तरी त्या ठोकळेबाज चालीत अशा गायकाला करण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो या काळातील मुद्रणांवर घ्यावा.

ज्या घरांत त्याचा आवाज पोहोचला, त्या सर्व घरांची दारे त्याला खुली नव्हती. १९४८ मध्ये लॉस अँजेल्सच्या हँकॉक पार्क या गौरवर्णीयांच्या वस्तीत त्याने घर घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी संघटित विरोध केला. १० एप्रिल १९५६ रोजी बर्मिंगहॅम (ॲलाबॅमा) येथे केवळ गौरवर्णीय श्रोत्यांसमोर गात असताना वर्णद्वेष्ट्यांनी रंगमंचावर चढून त्याच्यावर हल्ला केला. वर्णविभक्त प्रेक्षागृहात गाणे त्याने स्वीकारलेच कसे, असे म्हणून कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनीही त्याला दोष दिला. दोन्ही बाजूंचा रोष त्याने एकाच वेळी सोसला. एनबीसीवरील त्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रम (१९५६-५७) नामवंत कलावंतांचे साहाय्य लाभूनही राष्ट्रीय पातळीवरील जाहिरातदाराअभावी बंद पडला. हा व्यवसायातील भित्रेपणा होता. कार्यक्रमाच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध नव्हता.

सँता मॉनिका (कॅलिफोर्निया) येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. १९९१ मध्ये त्याची कन्या नॅटली हिने पित्याच्या जुन्या मुद्रणात स्वतःचा आवाज मिसळून ‘अनफर्गेटेबल’ हे युगुलगीत प्रसिद्ध केले व त्यास ग्रॅमी पारितोषिके मिळाली.