गिरगावातील गॅलरी

चाळीतल्या माणसांवर मराठीत उदंड लिहिले गेले. चाळ नावाच्या इमारतीवर मात्र फार थोडे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि चाळकरी महाराष्ट्राच्या घराघरांत जाऊन पोचला. पण त्याचा स्वभाव घडविण्यात जिना, कठडा आणि गॅलरी यांचा हात किती, हा प्रश्न आपली टीका क्वचितच विचारते. गिरगावातून पायी हिंडताना तो पावलोपावली समोर येतो.

प्रथम खोताची वाडी पाहावी. खोत दादोबा वामन या पाठारे प्रभू गृहस्थाच्या नावाने ती ओळखली जाते, आणि तिथली जुनी घरे बहुतांशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. कौलारू छप्पर, लाकडी कठड्याचा व्हरांडा आणि बाहेरच्या अंगाने चढणारा जिना. घर एका कुटुंबाचे. पण त्याचा व्हरांडा गल्लीकडे तोंड करून बसलेला. जाणारा-येणारा दोन शब्द बोलल्यावाचून पुढे सरकत नाही.

तिथून थोडे चालून चाळीत शिरले की तोच व्हरांडा लांबत जाऊन वीस बिऱ्हाडांपुढून धावताना दिसतो. या गॅलरीचा जन्म काही शेजारधर्मासाठी झाला नाही. एका जिन्यावर अनेक खोल्या भाड्याने देता याव्यात, हा मालकाचा साधा हिशेब. दोन माणसे अंग चोरून एकमेकांना ओलांडतील एवढीच तिची रुंदी. खोलीत मावेना ते सारे माणसांनी तिथे आणले: वाळवण, अभ्यास, आजोबांची आरामखुर्ची, भांडण आणि समेटसुद्धा. आत दोन खोल्या. तिसरी ही सर्वांची मिळून. पावसाची झड आणि उन्हाची तिरीप आधी तिने झेलायची, मग खोलीने. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. चौकात मूर्ती बसली की भोवतालच्या गॅलऱ्या आपोआप नाट्यगृहाचे सज्जे होतात. वेगळा मंडप घालावा लागत नाही.

म्हणून चाळीची आरती ओवाळावी काय? मुळीच नाही. पहाटे संडासापुढे रांग लावणाऱ्या बाईला कुणी शेजारधर्माचे गोडवे ऐकवू नयेत. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतले आणि वासे कुजत गेले. स्वतःचा नळ, स्वतःचे न्हाणीघर आणि दार लावून घेण्याचा अधिकार हवासा वाटणे यात गैर काही नाही. चाळीवरचे हळवे लेखन बहुधा चाळ सोडून गेलेल्यांचे असते, हेही विसरू नये.

परंतु दुसऱ्या बाजूचा दोष याहून मोठा आहे. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा मान दिला. त्यात ९४ इमारती आहेत. ओव्हल मैदानाभोवतीचे ते मनोरे आणि त्या गोलाईदार बाल्कन्या त्या मानाला पात्रच आहेत. पण आपली नजर एकदा इमारतीच्या चेहऱ्यावर खिळली की चाळीसारखी बिनचेहऱ्याची वास्तू पडताना काहीच गेल्यासारखे वाटत नाही. चाळीचे मोल तिच्या नक्षीत नसून मांडणीत आहे, आणि मांडणी छायाचित्रात येत नाही.

आज गिरगावात चाळींच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत; २०२५ च्या ऑक्टोबरपासून तिथे भुयारी मेट्रोही थांबते. मनोऱ्यात खोली मोठी होते, संडास घरात येतो. उंबरठा ओलांडला की मात्र दिव्याच्या उजेडातला एक बोळ आणि लिफ्टचे दार. तिथे उभे राहावे असे कुणालाच वाटत नाही, कारण तिथून काहीच दिसत नाही. घराचे क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजले जाते. दाराबाहेर विनाकारण रेंगाळण्याची जागा कुठल्याच करारात नसते.

ती मागता येईल. प्रत्येक मजल्यावर वारा आणि उजेड येणारा, खालचे अंगण दिसणारा रुंद सज्जा ठेवणे हे बांधकामशास्त्राला अवघड नाही. अवघड आहे ते हिशेबाला. नकाशावर सही करण्यापूर्वी रहिवाशांनी आतल्या खोल्यांबरोबर दाराबाहेरची जागाही मोजावी: तिथे एक म्हातारा माणूस खुर्ची टाकून संध्याकाळभर बसू शकेल काय, एवढे पाहिले तरी पुरे.